पाच पांढरे स्विच

बाळांनो,

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या धाकटीनं शाळेचा निबंध माझ्याकडे तपासायला पाठवला. 'माझे आजोबा', इंग्रजीत, दीड पान. मी लाल पेन घेऊन बसले. दोन स्पेलिंगं चुकली होती, एक स्वल्पविराम जास्तीचा होता. शेवटून तिसरं वाक्य असं होतं, की माझ्या आजोबांची रेल्वे एका निष्काळजी इलेक्ट्रिशियननं जाळली. त्या वाक्याला लाल पेन लावण्यासारखं काही नव्हतं. फक्त ते खरं नव्हतं. आणि ते तिनं मनचं लिहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षी फोनवर मीच तुम्हाला ते सांगितलं. तुमच्या बाबांना सांगितलं, शेजारच्या बायकांना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की आता ते परदेशातल्या एका शाळेच्या वहीत जाऊन बसलं आहे.

निबंध तपासून परत पाठवण्याआधी हे लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. बाबांकडून वाचून घ्या, आणि मधलं काही गाळू देऊ नका. त्यांना माझी बाजू घ्यायची सवय आहे.

तुमचे आजोबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा म्हणजे सांधा. इकडे रायपुरात सगळे काटा म्हणतात. त्यांची नोकरी या सांध्यांवर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, देवळात जातात. यांनी आपल्या समता कॉलनीतल्या घराच्या मागच्या खोलीत आठ बाय चारचा प्लायवूड टाकला आणि त्यावर रेल्वे मांडली. बोटभर रुंदीचे रूळ, हाताच्या वितीएवढी इंजिनं, एक स्टेशन, सात सांधे.

प्रत्येक सांध्याखाली, प्लायवूडच्या खालच्या अंगाला, काडेपेटीएवढी एक मोटर होती. मोटर नावाचीच. आत तारेच्या दोन गुंडाळ्या आणि मधे एक लोखंडी कांडी. एका गुंडाळीला वीज दिली की कांडी इकडे सरकते, सांधा सरळ. दुसरीला दिली की तिकडे, सांधा वळलेला. वीज द्यायची ती टाळी वाजवायला लागते तेवढाच वेळ. म्हणून एका सांध्याला दोन बटणं, सात सांध्यांना चौदा, आणि ती सगळी दाराच्या घंटीची. दाबलं की वीज, सोडलं की बंद.

मला ती रेल्वे कधी आवडली नाही. सोल्डरिंगचा धूर पडद्यांत बसायचा, तारांचे तुकडे पायात रुतायचे. पण सर्वांत किळस यायची ती बटणांची. रेल्वेची जुनी क्वार्टर्स पाडत होते तेव्हा यांनी ती भंगारातून वेचून आणली होती. एक तपकिरी, एक पिवळट, एकावर घंटीचं चित्र, एकाला मधोमध चीर. एका पट्टीवर ओळीनं बसवलेली, पण एकासारखं दुसरं नाही. आणि प्रत्येकावर कुणाकुणाच्या बोटांचा काळा, चिकट थर. दूधवाले, पोस्टमन, शेंबडी पोट्टी, सगळ्यांचे हात त्यावर. मी स्पिरिटनं पुसते म्हटलं तर म्हणाले, "राहू दे नं वं. चालून राहिलं नं?"

एक गोष्ट मात्र मला पटायची. रेल्वेत सांध्याच्या तारा उघडायच्या आधी सिग्नलवाला स्टेशन मास्तरला लेखी मेमो देतो: अमुक काटा मी इतक्या वाजता बंद करतो आहे. मास्तर सही करतो. काम झालं की काटा दोन्ही बाजूंना चालवून बघायचा, मास्तरनंही बघायचा, मग दुसरा मेमो, आणि तेव्हाच गाडी सोडायची. घरीही ते तसंच करायचे. टेबलाखाली शिरण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "मास्तर, सही." मी हात धुवायची, वेळ घालायची, सही करायची, कागदाला भोकं पाडून तो फाइलला लावायची. पोरखेळ होता, पण नीटनेटका पोरखेळ होता. शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवून मला नीटनेटक्या गोष्टींची चटक लागली होती.

मग आजोबांना लकवा मारला. उजवा हात गेला. जिभेवर दगड ठेवल्यासारखं बोलणं झालं. जेवायचे, झोपायचे, उरलेला वेळ भिंतीकडे तोंड करून बसायचे. टीव्ही नको, पेपर नको, तुमचा फोनही नको. व्यायाम करवायला एक दीदी येत असे. ती मला व्हरांड्यात बोलावून म्हणाली, "आंटी, हाथ बाद में चलेगा. पहले अंकल का मन चलना चाहिए. उनको क्या पसंद था?"

म्हणून आठ महिन्यांनी मी मागची खोली उघडली.

दार उघडताच उंदरांच्या मुताचा वास नाकात गेला. पदर नाकाला लावून मी टेबलाखाली वाकले. तारांच्या जुडग्यात उंदरीनं घर केलं होतं. पडद्याच्या चिंध्या, कापूस, आजोबांच्या नकाशाच्या वहीचा भुगा, आणि मधे पाच-सहा गुलाबी पिल्लं, डोळे न उघडलेली, एकमेकांवर वळवळत असलेली. तारांवरचं प्लॅस्टिक खाऊन आतलं तांबं उघडं पडलं होतं. लेंड्या प्लॅटफॉर्मवर, लेंड्या डब्यांत. कामवाल्या बाईनं ते सगळं सुपलीत भरून बाहेर नेलं. कुठे नेलं ते मी विचारलं नाही.

खोली मी तीन वेळा फिनाइलनं पुसून घेतली. वास गेला, पण हातांना तो येतो आहे असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. त्या दिवसांत मी ठरवलं की रेल्वे दुरुस्त करायची तर घाण मुळापासून काढायची. ती बटणंसुद्धा.

पंडरीच्या वाटेवर विजेच्या सामानाचं एक दुकान आहे. त्याच्या पायरीवर मिस्त्री काम मिळायची वाट बघत बसलेले असतात. त्यातला एक मी आणला. बीरगावचा, पन्नाशीचा, आधी एका कारखान्यात पॅनेलच्या तारा जोडायचा. त्याच्या गालात सदा गुटख्याचा गोळा. बोलायचं झालं की आधी तोंड आकाशाकडे करायचा, म्हणजे रस सांडू नये. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या बेसिनमध्ये पिंक टाकली. पांढऱ्या बेसिनवर तांबडा ओघळ. आपण जिथे तोंड धुतो तिथे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलताना त्याच्याकडे बघत नव्हते.

मी त्याला कामाची यादी लिहून दिली होती. इंग्रजीत, चार कलमं, खाली रेघ. त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून मीच वाचून दाखवली. कुरतडलेल्या तारा बदलणे. जोड सोल्डर करणे. तारा खिळ्यांनी बांधून घेणे. चौथं कलम होतं, घंटीची सर्व बटणं काढून त्या जागी पांढरे स्विच बसवणे. सात स्विच मी स्वतः दुकानात निवडले होते, जिन्याच्या दिव्याला असतात तसले. वर केला की एक तार चालू, खाली केला की दुसरी. एका सांध्याला दोन मळकट बटणांऐवजी एक स्वच्छ स्विच. मला ती कल्पना फार आवडली होती.

मिस्त्रीनं तोंड वर केलं. "मैडम, इसमें घंटी वाला ही लगेगा. दबाओ, छोड़ो. ये एक झटका माँगता है. जीना वाला लगाओगे तो लाइन चढ़ी रहेगी."

"पंखे की लाइन भी चढ़ी रहती है. पंखा जलता है क्या?"

"पंखा घूमता है न मैडम. ये तो बैठा रहेगा."

"भैया, साहब ने जिंदगी भर यही काम किया है. मुझे मत सिखाओ. लिस्ट में जो है वो करो."

"साहब से एक बार पूछ लें?"

"साहब को आराम करने दो."

"हव, मैडम," तो म्हणाला, आणि बेसिनकडे गेला.

साहेबांनी ते काम जन्मभर केलं होतं, हे खरं. मी केलं नव्हतं.

दोन दिवसांत त्यानं पाच सांध्यांचं काम केलं. तारा इतक्या सरळ बांधल्या होत्या की टेबलाखाली वाकून मी स्वतः बघितल्या. भिंतीकडच्या बाजूचे दोन सांधे राहिले. त्यांच्यापर्यंत हात पोचत नव्हता आणि जड टेबल ओढायला आणखी एक माणूस लागणार होता. तो जेवायला निघाला. दारातून मागे वळून म्हणाला, "मैडम, मेन चालू मत करना. मेरे को आने दो."

मेमो कुणी लिहिलाच नव्हता. बाहेरच्या माणसाशी कसला मेमो, असं मला वाटलं होतं.

तो गेला आणि मला धीर धरवला नाही. पट्टीवर पाच पांढरे स्विच एका ओळीत, शाळेच्या गणवेशासारखे. मी आजोबांची खुर्ची ढकलत आत आणली, टेबलापाशी लावली, आणि मेन चालू केलं. पाची सांधे एकदम खटकन वाजले. आजोबांचं अर्धं तोंड हसलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी आणखी हसवावं म्हणून एकेक स्विच वर करू लागले, खाली करू लागले. खटक, खटक. नंतर टेबलाखालून गुणगुणल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. आजोबा डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर थापा मारू लागले. मला वाटलं आनंदानं मारताहेत. मी म्हटलं, "थांबा, अजून गाडी तर बघा."

मग वास आला. केस जळावेत तसा, त्यात लाख जळावी तसा, आणि तो वाढतच गेला. मला वाटलं नवीन प्लॅस्टिकचा असेल. आजोबांचं तोंड वेडंवाकडं होत होतं, शब्द निघत नव्हता. ते खुर्चीतून पुढे झुकले, पडतात की काय असं झालं, आणि डाव्या हातानं वायर धरून त्यांनी प्लग भिंतीतून उपटला.

पाच मोटरी सतत चढलेल्या विजेनं वितळून वाकड्या झाल्या होत्या. खोलीत निळा धूर होता.

मिस्त्री परत आला तो दात कोरत. वास त्याला फाटकातच आला असणार. "चालू कर दिया क्या मैडम?"

"तुमने क्या किया है ये?" मी ओरडले. "कुछ आता नहीं तो काम क्यों लेते हो?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. खिशातून माझी यादी काढली, चार घड्या उलगडून टेबलावर ठेवली, वर आपला टेस्टर ठेवला, म्हणजे पंख्यानं उडू नये. "लिस्ट आपकी है, मैडम," एवढंच म्हणाला. मी त्याला निघून जा म्हटलं. तो गेला. टेस्टर राहिला.

आजोबा म्हणाले, "मेमो." तो शब्द स्वच्छ निघाला. मी कागद आणून दिला. डाव्या हातानं, लहान मुलाच्या अक्षरात त्यांनी लिहिलं: काटा १ ते ५ फेल. घड्याळ बघून वेळ घातली. मग 'कारण' असं लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. कारण सिग्नलवाल्यानं भरायचं असतं, मास्तरनं नव्हे. तरी त्यांनी ते मला दिलं. मी लिहिलं, मिस्त्रीचा निष्काळजीपणा. त्यांनी ते वाचलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवायला लावली.

त्यानंतर वर्षभर ते त्या खोलीत गेले नाहीत. दीदीनं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

आणि मी ती गोष्ट सांगत सुटले. सांगताना आधी बेसिन सांगायची. तांबडा ओघळ ऐकला की बायका तोंड वाकडं करायच्या, आणि मग पुढचं कुणी काही विचारत नसे. "ऐसे लोगों को घर में घुसाना ही नहीं चाहिए," एक म्हणाली. आपल्या गल्लीत त्या माणसाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्याची पिंक खरी होती. ती मी वर्षभर माझ्या चुकीवर पांघरूण म्हणून वापरली, आणि पिंकेपेक्षा त्याची मला आता जास्त शिसारी येते.

तर तो निबंध. आजोबांना बरं वाटेल म्हणून मी तो त्यांना वाचायला दिला. त्यांनी सावकाश वाचला. डावं बोट एका ओळीवर टेकवलं.

"खोटं," म्हणाले.

"काय खोटं?"

"फाइल आण."

मी फाइल आणली. मी काहीच फेकत नाही, आणि हा माझा गुण आहे असं समजत होते. त्यांनी डाव्या हातानं पानं उलटली. शेवटचा मेमो, त्याच्या मागे, माझ्याच हातानं भोकं पाडून लावलेली ती यादी. चौथ्या कलमावर त्यांनी बोट ठेवलं. माझं अक्षर, माझं इंग्रजी, खाली माझी रेघ.

"एक साल झालं," ते म्हणाले. त्यांना पुढे बोलायचं होतं, पण जीभ अडली. किंवा अडली नसेल.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वास आला तेव्हाच."

"मग बोलला काहून नाही?"

"कारण... मास्तरनं लिहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी टेस्टर रुमालात गुंडाळून त्या दुकानावर गेले. तो पायरीवरच होता, इतर तिघांबरोबर. मी टेस्टर पुढे केला.

"साल भर में दूसरा ले लिया मैडम," तो म्हणाला. मग तोंड वर करून, "अब कौन सा सफेद लगाना है?" बाकीचे हसले. त्या सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती, त्यांच्या बाजूची.

मी म्हटलं, "गलती मेरी थी. लिस्ट मेरी थी, मेन भी मैंने चालू किया था. मैंने सबको तुम्हारा नाम बताया." हिंदीत हे बोलायला मराठीपेक्षा सोपं गेलं, की चार लोकांसमोर होतं म्हणून पटकन उरकलं, कोण जाणे.

त्यानं गोळा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "साहब कैसे हैं?"

"बैठे रहते हैं."

"घंटी वाले बटन रखे हैं कि फेंक दिए?"

उपटलेली दहा बटणं मी त्या वेळीच कचऱ्यात टाकली होती. बादलीत टाकताना हातात प्लॅस्टिकची पिशवी घातली होती. मी काहीच फेकत नाही असं आत्ताच लिहिलं. ही दहा बटणं सोडून. पण भिंतीकडच्या दोन सांध्यांना त्याचा हात लागला नव्हता, म्हणून त्यांची चार बटणं पट्टीच्या टोकाला तशीच होती.

टेस्टर खिशात घालून तो आला. दारातच मी म्हटलं, "थूकना है तो बाहर, नाली में. बेसिन में थूके तो टेस्टर वापस ले लूँगी." तो म्हणाला, "हव, मैडम," आणि आधी नालीकडे जाऊन आला.

या वेळी मी आजोबांना विचारलं. खुर्ची खोलीत नेली तेव्हा ते नको म्हणाले नाहीत. मिस्त्री त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "साहब, घंटी वाला ही लगेगा न?"

"घंटी," आजोबा म्हणाले.

"मैंने बोला था."

"हव," आजोबा म्हणाले. एवढ्यात त्यांचं सगळं बोलून झालं. मला वर्षभरात इतकं साधलं नव्हतं.

जळलेल्यातली एक मोटर त्यानं उघडली. आतल्या गुंडाळीचा करपलेल्या गुळासारखा गोळा झाला होता. ती तो बीरगावच्या वाइंडिंगवाल्याकडे घेऊन गेला आणि परत घेऊन आला. "वो बोला, तार तो लपेट दूँ, पर प्लास्टिक ही नहीं बचा. लपेटूँ किस पे?" तसल्या नव्या मोटरी त्या दुकानात मिळत नाहीत. मागवूया म्हटलं तर आजोबांनी मान हलवली.

मग पाच सांधे सरळ धरून खिळ्यांनी पक्के केले. आता तिथून गाडी वळत नाही, नुसती जाते. भिंतीकडचे दोन राहिले. त्यांच्या तारा बदलायच्या आधी आजोबांनी डाव्या हातानं मेमो लिहिला. मिस्त्रीनं तो दोन्ही हातांनी मला आणून दिला. मी हात धुतले, वेळ घातली, सही केली. काम झाल्यावर मी टेबलापाशी उभी राहून दोन्ही सांधे दोन्ही बाजूंना चाललेले बघितले, आणि मगच दुसऱ्या मेमोवर सही केली.

जुना मेमोही त्या दिवशी काढला. 'मिस्त्रीचा निष्काळजीपणा' यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: स्टेशन मास्तरचा. सही, वेळ. बाळ, तुझ्या निबंधातलं वाक्यही तसंच खोड. रबरानं पुसू नकोस. बाईंनी विचारलं तर हे पत्र दाखव. गल्लीतल्या बायकांना मी सांगते आहे. पाच घरं झाली. त्यांना ही गोष्ट पहिलीइतकी आवडत नाही.

रेल्वेबद्दल माझं मत बदललेलं नाही. सोल्डरिंगचा धूर पुन्हा पडद्यांत बसला आहे. टेबलाखाली उंदरांसाठी पिंजरा ठेवला आहे आणि तो रोज सकाळी मीच, नाक दाबून, उघडून बघते.

सात सांध्यांपैकी दोन चालतात. एका लूपला, म्हणजे बाजूच्या रुळाला, दोन पुरतात. एक गाडी बाजूला थांबते, दुसरी निघून जाते. घंटीची चार बटणं आहेत, त्यातलं एक चिरलेलं, चारही मळकट, मी ती पुसलेली नाहीत. आजोबा संध्याकाळच्या चहानंतर ती डाव्या अंगठ्यानं दाबतात आणि सोडतात.